टाकीतला बोळा

१

डिझेल भरलं की गाडी खोकते, ही तक्रार तशी सोपी. माझ्या गॅरेजात अशा गाड्या येतच असतात. मी आधी काही उघडत बसत नाही. इंजिन चालू ठेवायला सांगतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवतो, दांडा कानाला लावतो आणि डोळे मिटतो. नोझल, पंप, फिल्टर, प्रत्येकाचा सूर वेगळा. दोन मिनिटांत निकाल. लोक मला ‘कानवाले’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. कुणी नवीन गिऱ्हाईक समोर असलं की डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवतो.

त्या दिवशी दाजींचा पिकअप दारात येऊन उभा राहिला, तो आचके देतच. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लोकांचं घरसामान हलवायचा त्यांचा धंदा. कपाटं, पलंग, कुंड्या, काय वाटेल ते. माणूस सोन्यासारखा, फक्त आवाज लाऊडस्पीकरचा.

“मेव्हणे, या पंपवाल्यांनी माझ्याविरुद्ध एकी केलेली दिसते,” गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले. “तू सांगितलंस म्हणून त्या कोपऱ्यावरच्या पंपाचं तोंड पाहिलं नाही. पार पुलापलीकडे जाऊन भरलं. तिथेही पाणीच!”

मी हसलो नाही. दोन वेगळ्या पंपांवर एकाच गाडीला एकच खोकला होत असेल, तर दोष पंपाचा नसतो. हे कळायला कान लागत नाही.

गेल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या पंपावर मी मोठा तमाशा केला होता. डिझेल भरलं, गाडी पंपाच्या बाहेर पडायच्या आत बंद पडली, दाजींनी मला बोलावून घेतलं. मी बाटली घेऊन गेलो. नळीतून नमुना काढला, बाटली उन्हात धरली, हलवली. गढूळ. “पाणी आहे यात,” मी म्हणालो, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. रांग भडकली. मालक बाहेर आला. जमिनीखालच्या टाकीचं झाकण संध्याकाळी घट्ट लावायचं काम तिथे डिझेल भरणाऱ्या बाईंचं होतं. मालकाने विचारलं, “झाकण लावलं होतं का?” त्या म्हणाल्या, “लावलं होतं.” मालकाने माझ्याकडे पाहिलं.

“लावलं असतं तर वळवाचं पाणी आत आलं कुठून?” मी म्हणालो.

बस, एवढंच. तेवढ्यावर त्या बाईंची नोकरी गेली. पंपामागची खोली त्या नोकरीबरोबरच होती. ती महिनाअखेर रिकामी करायची.

२

दाजींना मी समोरच्या सलूनमध्ये पिटाळलं. न्हाव्याशी गप्पा मारायला त्यांना आवडतं, आणि मला कुणी शेजारी नको होतं.

या पिकअपच्या हौद्याच्या पत्र्याला आधीच्या मालकाने एक भोक पाडून घेतलंय, वर झाकण. ते काढलं की खाली थेट टाकीचा माथा. डिझेल किती ते दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट उपसून घेतला की एक गोल तोंड उघडं पडतं. हात मनगटापर्यंत जेमतेम जातो. मी हौद्यात पालथा झोपलो आणि आत हात घातला.

बोटांना कापड लागलं.

मी ते उपसून काढलं. आकाशी रंगाच्या कापडाचा बोळा, डिझेलने जड झालेला. पिळून उलगडला तर बाही निघाली, शर्टाची अर्धी बाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ही टाकी मीच धुतली होती. टाकी उघडी ठेवली की तिच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा, धूळ जाऊ नये म्हणून. हे सगळेच करतात. मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हातारा बोळ्याचं शेपूट वीतभर बाहेर ठेवायला लावायचा. शेपूट डोळ्यांसमोर लोंबत असलं की विसर पडत नाही. मी हल्ली शेपूट ठेवत नाही. माझ्या हातांना सगळं पाठ झालंय, अशी माझी समजूत. बोळा आत पडला असणार आणि मी वरून फ्लोट बसवला असणार. डिझेलची धार पडली की चिंधी ढवळून निघते, ओढणाऱ्या नळीच्या जाळीला चिकटते, इंजिनाचा घास अडतो. थोड्या वेळाने ती पुन्हा तळाशी बसते आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते.

मग बाटलीतलं गढूळ कुठून आलं? तेही आठवलं. ती बाटली मीच सकाळी नळाखाली विसळून पालथी घातली होती. निथळलीसुद्धा नव्हती नीट.

मला इतकी लाज वाटली की हौद्यात पालथा पडलेला मी तसाच पडून राहिलो. पत्रा तापला होता, गालाला चटका बसत होता, तरी तोंड वर करवेना. आणि लगेच दुसरा विचार आला, जो पहिल्यापेक्षा वाईट होता. कुणी पाहिलं नाही.

मी बाही पत्र्याच्या डब्यात टाकली, डबा नटबोल्टच्या खणामागे सरकवला.

“काय निघालं?” दाजींनी विचारलं.

“जाळी तुंबली होती. कचरा.”

“त्या पंपाचाच कचरा ना? पहिल्या पंपाचा?”

मी फडक्याने हात पुसत राहिलो. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. “आमच्या मेव्हण्याच्या कानाला तोड नाही,” ते सलूनच्या दिशेने ओरडले.

रात्री मी ताटातला भात नुसता चिवडत बसलो. बायको म्हणाली, “अहो, ताटाशी भांडण झालंय का?” मी म्हणालो, पित्त झालंय. तिने लिंबू दिलं. तेही मुकाट्याने चोखलं.

३

दाजींनी पुढच्या वेळी डिझेल भरलं आणि गाडी पुन्हा खोकली.

या वेळी मी नियमाप्रमाणे गेलो. इंजिन चालू, स्क्रूड्रायव्हर कानाला. नोझल ठीक. पंप ठीक. फिल्टर नवा होता, तोही ठीक. मग टोक टाकीच्या पत्र्याला लावलं. टाकीत खरं तर ऐकण्यासारखं काही नसतं. डिझेलची डुबुकडुबुक, इंजिनाची थरथर, संपलं.

मला टर्र असं ऐकू आलं.

कापड फाडताना येतो तसा. आधी दाताने चीर पाडावी आणि मग दोन्ही हातांनी ओढावं, तसा सावकाश, लांब. मग शांत. मग पुन्हा टर्र.

मी इंजिन बंद केलं. स्क्रूड्रायव्हर तसाच कानाला. आवाज आणखी एकदा आला आणि थांबला.

पत्रा तापला की वाजतो, मी स्वतःला समजावलं. झाकणाचा रबर सुटला असेल, हवा खेचली जात असेल. पन्नास कारणं आहेत. मी दाजींना पुन्हा सलूनमध्ये पाठवलं. ते म्हणाले, “अरे, आता डोक्यावर केस उरले नाहीत माझ्या.” पण गेले.

फ्लोट काढला, हात घातला. कापड पुन्हा होतं. पण तळाशी नव्हतं. सांगताना मलाच वेडगळ वाटतं, पण जसं होतं तसं सांगतो. मला शोधावं लागलं नाही. मी हात घातला, बोटं पसरली, आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं गेलं. बाजारात सुटे पैसे देताना समोरचा आपली बोटं मिटवतो ना, तशी माझी बोटं त्याच्यावर मिटवली गेली.

मी हात असा खेचला की मनगटाची साल निघाली.

फ्लोटचा दांडा, मी म्हणालो. मग लक्षात आलं, फ्लोट माझ्या शेजारी हौद्यात पडला होता.

कापड उलगडायला मला बराच वेळ लागला. आकाशी रंग. शर्टाच्या छातीचा तुकडा, वर पिवळी पट्टी. कोपऱ्यावरच्या पंपावर सगळ्यांच्या अंगात असतो तोच शर्ट. तुकड्यावर खिसा होता. खिशाचा एक कोपरा उसवलेला, आणि तो लाल दोऱ्याने शिवलेला. तीन मोठे टाके, एक आडवा, आणि गाठ बाहेरच्या बाजूला.

चिंध्या मी पोत्याने आणतो. पोत्यात काय येईल सांगता येत नाही. पडदे, चादरी, लहान मुलांची झबली. पंपाचा जुना शर्ट आला तर त्यात नवल काय? आणि एक बोळा राहिला तसे दोन राहिले असतील. अर्थात राहिले असतील. फक्त पहिल्या वेळी मी टाकीत बॅटरी मारून कोपरा न् कोपरा पाहिला होता, आणि टाकी रिकामी होती.

तुकडा डब्यात टाकला. दाजींना सांगितलं, “हवा खेचत होती.”

आता मला पंपापुढून जायची चोरी झाली. घरी जायला मी मागच्या गल्लीने जायला लागलो. तिथे एक कुत्रं माझ्यावर भुंकायचं, आणि मला वाटायचं, बरं करतंय.

४

शेवटी मी त्या बाईंकडे गेलो. सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं. ‘चूक माझी, बोळा माझा, चला मालकाकडे.’ वाटेत चारदा घोकलं. खिशात तो लाल दोऱ्याचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता, पुरावा म्हणून.

दुपारची वेळ. पंपामागची खोली एकच, पण लख्ख. अर्ध्या सामानाची गाठोडी बांधून झाली होती. भिंतीवरचं घड्याळ काढल्यावर उरलेला गोल पांढरा डाग होता, आणि त्या डागाकडे बघत त्यांची आई खाटेवर बसली होती. बाई साठीकडे झुकलेल्या नव्हत्या, पण त्या आठवड्यात झुकल्यासारख्या दिसत होत्या.

“हेच का ते मिस्तरी?” आईने विचारलं.

“हो गं. बसा ना मिस्तरी.” त्यांनी एकुलत्या एका स्टुलावरची भांडी खाली ठेवली. “बरं झालं तुम्ही आलात. मीच येणार होते. तुमच्या दाजींना माझ्यामुळे फार त्रास झाला. एवढी गाडी पंपावरच बंद पडली.”

मी तोंड उघडलं.

“झाकण मी लावलं होतं असं मला आठवतं,” त्या म्हणाल्या. “लावलं, वर पाय देऊन दाबलं. रोज तसंच करते. पण तुम्ही सांगितलंत ते चुकीचं कसं असेल? मग मी रोज रात्री आठवून बघते. आता तर असं झालंय की पाय द्यायला जाते आणि खाली झाकणच नसतं. माणसाला आठवतं ते सगळं खरं असतंच असं नाही ना.”

“दुसरीकडे बघितलं का काम?” मी विचारलं. हे विचारायला आलो नव्हतो.

“पुलापलीकडे विचारलं. त्यांना कळलंय आधीच. डिझेलमध्ये पाणी घालणारी म्हणतात मला.” त्या हसल्या. “तुम्ही मनात काही ठेवू नका, मिस्तरी.”

आणि मी म्हणालो, “असू दे. होतं असं माणसाच्या हातून.”

मी तिला माफ केलं. तिच्याच खोलीत, तिच्याच स्टुलावर बसून, तिच्या म्हाताऱ्या आईदेखत. शब्द तोंडातून गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंना हायसं वाटलेलं दिसलं. त्या उठल्या, दोरीवरचा आकाशी शर्ट काढला. “हा मालकाने परत घेतला नाही. माझ्या अंगातला म्हणे, दुसऱ्या कुणाला नको. तुमच्याकडे चिंध्या लागतात ना? न्या. कापड चांगलं आहे.”

शर्ट अख्खा होता. दोन्ही बाह्या जागच्या जागी. पिवळी पट्टी. खिसा. मी तो डोळ्यांनीच चाचपला आणि माझा जीव भांड्यात पडला. खिशाला लाल दोरा नव्हता.

“थांबा हं,” त्या म्हणाल्या. “खिसा उसवलाय एका बाजूला.”

“अहो, राहू द्या. चिंध्याच तर व्हायच्यात.”

“तरी पण. फाटकं नाही मी देत कुणाला.”

“आकाशी दोरा संपलाय,” आई खाटेवरून म्हणाली.

“मग लाल घेते.”

सुई ओवायला त्यांना वेळ लागला. मी ओवून दिली, म्हणजे द्यावी लागली. मग त्यांनी टाके घातले. एक. दोन. तीन. मोठे मोठे, घाईचे. मग एक आडवा. “गाठ बाहेरच राहिली बघा,” त्या म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

माझ्या पँटच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीला पाझर फुटला होता. मांडीला गार डिझेल लागत होतं.

“डिझेलचा वास येतोय का गं?” आईने विचारलं.

“मिस्तरींच्या कपड्यांचा असेल,” बाई म्हणाल्या.

मी शर्ट काखेत मारला आणि पळालो म्हणायला हरकत नाही.

५

गॅरेजात येऊन मी दोन्ही खिसे शेजारी शेजारी ठेवले. एक कोरडा, नव्या टाक्यांचा. एक डिझेलने काळवंडलेला. टाके मोजले, गाठ पाहिली, आडव्या टाक्याचा तिरकसपणासुद्धा पट्टी लावून पाहिला. मग पट्टी फेकून दिली, जुना तुकडा परत डब्यात टाकला. सगळे शर्ट एकाच शिंप्याकडचे, मी म्हणालो. सगळ्यांचे खिसे तिथेच उसवणार. लाल दोरा काय, घरोघरी असतो.

हा शर्ट फाडायचा नाही, एवढं ठरवलं. तो अख्खा आहे तोवर काही झालेलं नाही. चिंध्यांच्या ढिगात न टाकता मी तो खिळ्याला टांगला, माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी दाजी आले. त्यांना एका सामानाची वर्दी होती. “त्या पंपावरच्या बाईंचं सामान हलवायचंय,” ते म्हणाले. “भाडं नाही घेणार. चूक केली तिने, पण म्हातारी आई आहे. जीव तुटतो रे.”

मला वाटलं, या लाऊडस्पीकरच्या तोंडावर हात ठेवावा.

“आधी टाकी धुऊन देतो,” मी म्हणालो. “या वेळी तुमच्यासमोर.”

टाकी धुतली. बॅटरी मारली. दाजींना वाकून बघायला लावलं. रिकामी, चकचकीत. फ्लोटबरोबर निघणाऱ्या नळीची जाळी घासायची होती, तेवढा वेळ तोंडात बोळा कोंबला, चादरीच्या तुकड्याचा, आणि चांगलं वीतभर शेपूट बाहेर ठेवलं. “बघा दाजी, शेपूट.”

“दिसतंय रे. काय नागोबा आहे का तो?”

जाळी घासली, बोळा काढला, दाजींच्या हातात दिला, फ्लोट बसवला, चार लिटर डिझेल ओतलं. गाडी कशी, पोटातलं पाणी हलणार नाही अशी चालली. दाजी हात हलवत गेले. कित्येक दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

हात धुवायला नळाकडे वळलो तेव्हा खिळ्यावरच्या शर्टाकडे लक्ष गेलं. एक बाही नव्हती. छातीचा तुकडा, खिशासकट, नव्हता. फाटलेल्या कडा कोरड्या आणि ताज्या, त्यांचे धागे वाऱ्यावर हलत होते. पाठीचाही अर्धा भाग ओढून काढलेला होता.

डबा उघडला. आत नटबोल्टचा गंज आणि तळाला डिझेलचा डाग. तुकडे नव्हते.

मी माझे हात पाहिले. नखांत आकाशी धागे होते. मी फाडलं असेल तर केव्हा फाडलं? दाजी तर पूर्ण वेळ समोर होते. पण माझ्या हातांना सगळं पाठ आहे, हे मीच म्हणत आलोय ना. कदाचित मी बोलत होतो तेव्हा हात आपलं काम करत होते.

फोन वाजला. “मेव्हणे, पंपावर ये,” दाजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. “इथेच टाकी फुल केली. गाडी परत खोकतेय. मालक त्या बाईंना फार बोलतोय रे.”

६

पिकअप पंपाच्या फरशीवर उभा होता, आचके देत. हौद्यात गाठोडी, खाट, भांड्यांचं खोकं. आई पुढच्या सीटवर बसलेली. बाई गाडीशेजारी मान खाली घालून उभ्या होत्या. डिझेल नव्या माणसाने भरलं होतं, पण मालकाला तेवढं पुरे नव्हतं. “जाता जाता काहीतरी करून गेली,” तो रांगेला ऐकवत होता. “आले बघा कानवाले. तेच सांगतील.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईसुद्धा. त्या मालकाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी काय केलं ते मीच त्यांना सांगणार होतो.

मी इंजिन बंद करायला लावलं आणि हौद्यात चढलो. गाठोडी बाजूला सारली, झाकण काढलं, फ्लोट उपसला. आता खोटं बोलून काय करू, त्या क्षणी माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. बोळा मुठीत लपवून काढायचा, बाहीत सरकवायचा, आणि म्हणायचं, ‘पाणी आहे.’ लाजेपुढे मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

टाकी काठोकाठ भरलेली. हात घातला आणि डिझेल मनगटावर आलं, गार. कापड हाताला लागलं, मोठं, ओलं, जड. मी मूठ आवळली आणि ओढली.

हात येईना.

“काय झालं?” दाजी म्हणाले.

“अडकला.”

पुन्हा ओढला. तोंडाची कड मनगटात रुतली. खाली, अगदी माझ्या बोटांजवळ, टर्र असं झालं. स्क्रूड्रायव्हर नव्हता तरी मला स्पष्ट ऐकू आलं. रांगेतलं कुणीतरी हसलं.

“सांगा ना कानवाले,” मालक म्हणाला. “काय आहे आत?”

मी मान वळवली. बाई हौद्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, माझ्या हाताची.

“चिंधी,” मी म्हणालो.

“काय?”

“चिंधी आहे. माझी.” आवाज फुटला. मग तो मोठा झाला, दाजींपेक्षा मोठा. “टाकी मी धुतली, बोळा मी आत विसरलो. डिझेलमध्ये कधीच पाणी नव्हतं. बाटली ओली होती माझी. मला आठवड्यापासून माहीत आहे. यांचा काही दोष नव्हता.”

मालकाचं तोंड उघडं राहिलं. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा कधी माझ्या पाठीवर थाप मारतील असं मला वाटत नाही. लाजेने माझे कान तापले. ते कान.

बाई सावकाश म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच.

“म्हणजे झाकण मी लावलं होतं.”

त्यांनी एक पाय किंचित उचलला आणि फरशीवर दाबला. मग वळून पुढच्या सीटकडे गेल्या आणि आईला सांगितलं, “आई, लावलं होतं मी झाकण.” आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला. मला रडू आलं, आणि त्याचबरोबर बरंही वाटलं. झालं एकदाचं.

दाजी हौद्यात चढले. माझ्या तोंडाकडे न बघता माझा दंड धरला.

“चल, उतर आता. मूठ सोड. चिंधी धरून ठेवलीस म्हणून हात निघत नाही.”

“सोडली,” मी म्हणालो.

“अरे, सोड म्हणजे उघड. बोटं सरळ कर.”

बोटं सरळच होती. मूठ मी केव्हाच उघडली होती.